दर्या आणि दऱ्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "या महिन्यात काम आहे ना?" मी नुसतं "आहे" म्हटलं आणि पावसाचा विषय काढला. काम भरपूर आहे हो. एका प्रकाशकाकडे दिवाळीपासूनचे पैसे अडकलेत, म्हणून आवाज तसा लागला असेल.

लिहायचं कारण वेगळंच. सध्या सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक छपाईसाठी लावतेय. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कुठेतरी गडबड झाली आणि 'दऱ्या'चं सगळीकडे 'दर्या' झालं. डोंगर चढून माणसं थेट समुद्रात! दोघांनी प्रुफं वाचली, कुणाला दिसलं नाही. मला पान उघडताक्षणी दिसलं. बाबा, रविवारी तुम्ही मला प्रेसमध्ये न्यायचात, स्टुलावर उभं करायचात. खिळ्यांच्या केसमधला, म्हणजे खणांच्या पेटीतला, तो आडव्या 'र'चा शिशाचा खिळा माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "हा विसरला की आचाऱ्याचा आचार्य होतो." खिळ्यावरचं अक्षर उलटं, त्यामुळे मला आधी तो कोयताच वाटला होता. नंतर तुम्ही शिशाचे हात दोनदा साबणाने धुतलेत आणि मगच मला भजी घेऊन दिलीत.

'ल' आणि 'श'चंही तेच. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळणाची अक्षरं येतात. बहुतेकांना चालतात. मला चालत नाहीत, त्यापायी एकदा रात्री दोनपर्यंत बसले. त्याचे जास्त पैसे कोण देतंय? पण तुमच्या डोळ्यांसमोरून ते पान गेलं असतं तर तुम्ही चष्मा काढून ठेवला असतात.

आई, तुलाही सुटका नाही. जूनमध्ये तू वह्यांना खाकी कव्हरं घालायचीस, पट्टी न वापरता, आत चार बोटं घडी ठेवून. "कमी ठेवलीस तर श्रावणात निघून येतं," म्हणायचीस. मी पुस्तकाच्या जॅकेटची आतली घडी अजून तीन इंच ठेवते. प्रकाशक कागद वाचवायला म्हणून अडीच सुचवतात, मी भांडते. आणि दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेले ते दिवाळी अंक! बटर पेपर ठेवून मी एक चेहरा गिरवला, पेन्सिलीचा वळ खाली उमटला आणि तू धपाटा घातलास. तो चेहरा अजून मला गिरवता येतो. धपाटाही आठवतो.

अंक माळ्यावर असतील तर वाळवी लागली का ते बघ. आणि बाबा, प्रेस विकली तेव्हा तुम्ही घरी आणलेली खिळे जुळवायची कंपोझिंग स्टिक कुणाला देऊ नका. गणपतीत येईन तेव्हा घेऊन जाईन. पुस्तक तोवर छापून होईल. त्यातलं 'दऱ्यां'चं सत्तेचाळिसावं पान आधी तुम्ही वाचा, लेखकाला प्रत त्यानंतर देईन.

तुमची,
ताई