कागद अप्रामाणिक नसतो

मा. संपादक,
स. न.

'अर्जासोबत अप्रामाणिक कागदपत्रे जोडली' असली वाक्ये नागपूरच्या बातम्यांत अधूनमधून दिसतात. अप्रामाणिक माणूस असतो, कागद नव्हे. हा हिंदीच्या शेजाराचा परिणाम. हिंदीत 'प्रामाणिक' म्हणजे अस्सल, पुराव्याला उतरणारे. संस्कृतातही तोच अर्थ, कारण शब्द 'प्रमाण'वरून आला. मराठीत मात्र तो माणसाच्या सचोटीला चिकटला. हिंदीने त्यासाठी 'ईमानदार' घेतला. त्यामुळे हिंदी पत्रकावरून बातमी करताना कागद बनावट आहे की नुसता साक्षांकित नाही, ते विचारून लिहावे. पहिला गुन्हा आहे, दुसऱ्यात एक सही राहिलेली असते.

'बेइमानी'चे तसे नाही. अरबी 'ईमान', म्हणजे श्रद्धा, निष्ठा. त्याला फारसी 'बे' लागला. म्हणून बेइमानी कुणाशी तरी करावी लागते: मालकाशी, मित्राशी, मातीशी. अप्रामाणिकपणा हिशेबात, मापात, परीक्षेत. वीजमीटरमध्ये फेरफार करणारा अप्रामाणिक. त्याला बेइमान म्हणायचे तर आधी त्याची मीटरवर निष्ठा हवी! मराठीत 'बेइमान'मधला 'इ' ऱ्हस्व. आणि 'बेइमानीपणा' कृपया नको, 'बेइमानी' हेच नाम आहे. 'लबाड' तर आजी नातवालाही लाडाने म्हणते, तो बातमीत जपूनच वापरावा.

खरा घोळ गुन्ह्यांच्या बातम्यांत होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २(७) नुसार, एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने केलेली कृती अप्रामाणिकपणाची. हा लाभ किंवा हानी मालमत्तेची असावी लागते, म्हणून नुसते खोटे बोलणे या व्याख्येत बसत नाही. जुन्या दंड संहितेचे कलम २४ हेच सांगत होते.

कळमन्याच्या बाजारातली संत्री घ्या. व्यापाऱ्याने पैसे द्यायचेच नाहीत असे आधीच ठरवून, गोड बोलून गाडीभर माल उचलला, तर ती फसवणूक, कलम ३१८. शेतकऱ्याने माल अडत्याकडे विकायला सोपवला, तो विकला गेला आणि पट्टीचे, म्हणजे विक्रीचे, पैसे अडत्याने स्वतःच वापरून टाकले, तर विश्वासघात, कलम ३१६. इथे सुरुवातीला नियत साफ असू शकते, ती नंतर फिरते. आणि भाव पडले, व्यापारी अडकला, पैसे थकले, तर ती उधारी, दिवाणी वाद. शेतकऱ्याच्या हाती तिन्ही वेळा पैसे येत नाहीत, म्हणून तिन्ही वेळा 'शेतकऱ्यांची फसवणूक' असाच मथळा पडतो. नियत कोणत्या दिवशी फिरली, हे बातमीदाराने विचारायला हवे. उत्तर मिळेपर्यंत 'पैसे थकवले' एवढेच लिहिणे बरे.

सीताबर्डीच्या फुटपाथवर सापडलेली दहाची सुटी नोट उचलली, मालक कोण ते कळायला मार्गच नाही, तर यातले काहीच लागू होत नाही. पाकिटात आधार कार्ड असूनही पैसे खिशात गेले, तर अपहार, कलम ३१४.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर