दिग्या, बोर्ड पेटवायच्या आधी हे वाच

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

तुझे ते दोन अँप्लिफायरचे बोर्ड अजून पेटवले, म्हणजे वीज देऊन चालू केले नसशील तर करू नको. आधी हे पत्र सगळं वाच, मग बोर्ड उलटा करून बघ, मग काय करायचं ते कर. फोनवरच सांगणार होतो, पण तू फोनवर नुसतं हं हं करतोस आणि शेवटी तुझ्या मनातलंच करतोस. लिहिलेलं असलं की निदान सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत तरी वाचशील.

तर आपण जे चार बोर्ड आणले होते एकाच दुकानातनं, दोन तुझे दोन माझे, त्यातला माझा उजवा चॅनेल गेला. तसा मस्त चालला होता, ट्रान्सफॉर्मर २५-०-२५ चा, म्हणजे कपॅसिटरवर साधारण ±३५ व्होल्ट, प्रत्येक चॅनेलला ५२०० आणि १९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरची एकच जोडी, ८ ओमच्या स्पीकरवर पन्नासेक वॅट. घरात ऐकायला एवढं लई झालं. सांगली आकाशवाणीवर गाणं लागलं होतं, आवाज पण फार नव्हता, आणि एकदम स्पीकर वाचवणाऱ्या प्रोटेक्शन बोर्डाचा रिले कट्ट करून पडला, लाल एलईडी लागला आणि कॅबिनेटमधनं तो वास आला, तुला माहितीच आहे तो वास. आपल्याकडं जाळ अन् धूर संगटच म्हणतात, इथं जाळ कॅबिनेटच्या आतच राहिला एवढंच नशीब. वूफर वाचला तो फक्त त्या रिलेमुळं. शेजारच्या पोरानं विचारलं की ते प्रोटेक्शन बोर्डाचं लफडं कशाला, दीडशे-दोनशे रुपये वाया, तर त्याला आता आउटपुटला मीटर लावून दाखवलं, उणे ३४ व्होल्ट डीसी. वरची फ्यूज उडालेली, खालची शाबूत, मग आउटपुट सगळं मायनस सप्लायला जाऊन चिकटलेलं. एवढा डीसी स्पीकरच्या कॉइलला गेला असता तर वूफर जळायला किती वेळ लागतो? तू पण प्रोटेक्शन बसव, त्यात काटकसर नको.

उघडल्यावर पहिलं काम कपॅसिटर डिस्चार्ज. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची हौस असते लोकांना, मी १०० ओम १० वॅटचा रेझिस्टर वायरला लावून ठेवलाय, तो टेकवला की १०,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर पाच सेकंदात गप होतो. मग मीटर बजरवर टाकून मोजलं तर ५२०० कलेक्टर-एमिटर सरळ शॉर्ट, १९४३ पण शॉर्ट. ०.२२ ओमचे ते पांढरे सिमेंटचे रेझिस्टर आहेत ना, त्यातला एक तडकून ओपन झालेला, बेसचा १० ओम कोळसा, आणि खालच्या बाजूचा ड्रायव्हर, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टरला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर, तो पण गेलेला. म्हणजे दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर एकाच वेळी चालू राहिले आणि प्लसमधनं मायनसला करंट थेट वाहिला. स्पीकरची वायर शॉर्ट झाली असती तर बऱ्याचदा एकच बाजू आधी जाते, इथं दोघंही गेले म्हणून माझा संशय तिथंच बायसवर, म्हणजे दोघांना किंचित चालू ठेवणाऱ्या व्होल्टेजवर गेला.

पण ऐकतंय कोण. ज्याला दाखवावं तो एकच सांगतो, ट्रान्झिस्टर डुप्लिकेट आहेत, बदल आणि वाजव. आता ५२०० ची डुप्लिकेट बाजारात बक्कळ आहेत हे खरंच, त्यात वाद नाही. म्हणून मेलेला ५२०० व्हाइसमध्ये धरून पक्कडीनं फोडला. आत तांब्याच्या पट्टीवर सिलिकॉनचा चांगला मोठा चौकोन, एका कोपऱ्यात जळून खड्डा पडलेला. मागं एकदा स्वस्तातला मेलेला ५२०० पडून होता तो पण फोडला, त्यात तो तुकडा मुगाच्या डाळीएवढा निघाला. फरक बघून हसू आलं मला. म्हणजे बोर्डावरचे ट्रान्झिस्टर बरे होते. आणि बरा ५२०० म्हणजे २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचा माल, तो ±३५ वर रेडिओ ऐकताना आपणहून मरत नाही. त्याला कुणीतरी मारलंय. नवीन जोडी घालून लगेच स्विच टाकला असता तर तीही गेली असती, आणि एक जोडी किती रुपयाला पडते ते तुला माहीत आहेच.

मग सगळे मेलेले पार्ट काढले, ड्रायव्हरची जोडी आणि १० ओम नवीन घातले आणि पॉवर ट्रान्झिस्टरची जागा मोकळी ठेवली. हे या बोर्डावर चालतं, कारण ड्रायव्हरच्या एमिटरचे १००-१०० ओम थेट आउटपुट लाईनला आलेत, म्हणजे मोठी जोडी नसली तरी फीडबॅक तुटत नाही, बोर्ड बिनलोडचा शांत चालतो. सगळ्याच बोर्डांना असं नसतं, दुसरा कुठला बोर्ड असेल तर आधी ट्रॅक बघ. आणि मेन्समध्ये सिरीज बल्ब लावला. आता या बल्बची गंमत ऐक. फिलामेंटचाच पाहिजे, एलईडी बल्ब सिरीजला लावून काही उपयोग नाही, आणि फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब आता दुकानात मागितला की लोक आपल्याकडं असं बघतात जसं काय रॉकेलचा दिवा मागितला. शेवटी आमच्या काकांच्या जुन्या वर्कशॉपमधनं एक मिळाला. ठीक बोर्डाला बल्ब एकदा झळकतो, कपॅसिटर भरले की मंद होतो. शॉर्ट असेल तर फुल पेटून राहतो, पण तेवढ्यात नवीन पार्ट वाचतात.

बल्ब मंद झाला. मग दोन्ही ड्रायव्हरच्या बेसमध्ये मीटर लावला. ट्रान्झिस्टरची चार बेस-एमिटर जंक्शन मध्ये येतात म्हणजे सव्वादोन ते अडीच व्होल्ट पाहिजेत, आले २.३. एकदम बरोबर. म्हटलं च्यायला, इथं तर काहीच नाही. आणि मग प्लॅस्टिकच्या काडीनं एकेक पार्ट हळूच टकटक करत गेलो. त्या निळ्या उघड्या प्रीसेटला, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायच्या छोट्या रेझिस्टरला, काडी लागली आणि मीटर २.३ वरनं सहाच्या वर उडाला, सिरीज बल्ब झळकला आणि परत २.३. परत टकटक, परत उडी. सापडला लेकाचा!

आता मेन गोष्ट, हीच तुला सांगायची होती. त्या दोन बेसच्या मध्ये जो बीडी १३९ ट्रान्झिस्टर बसलाय तो या दोघांत किती व्होल्टचं अंतर ठेवायचं ते ठरवतो. अंतर कमी पडलं तर बारीक आवाजाला खरखर येते, जास्त झालं तर दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर एकदम चालू. त्याला दोन हात आहेत रेझिस्टरचे, एक कलेक्टर ते बेस, एक बेस ते एमिटर. आपल्या बोर्डावर प्रीसेट टाकलाय कलेक्टर-बेसच्या हातात. त्याचा आतला सरकता काटा एकदा कार्बनवरनं उचलला गेला की बीडी १३९ ला बेस करंटच मिळत नाही, तो बंद पडतो, अंतर वाढत जातं आणि एका क्षणात जोडी खलास. हाच प्रीसेट बेस-एमिटरच्या हातात असता तर काटा सुटल्यावर उलटं झालं असतं, बायस शून्याकडं गेला असता, आवाज थोडा घाण आला असता, बाकी काही नाही. पार्ट तेच, खर्च तोच, फक्त जागा चुकलेली. ज्यानं हा बोर्ड काढला त्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही रे, कुणाचं तरी लेआउट उचललं असणार न बघता.

आणि काटा का सुटला, तर आपलं हवामान. रंकाळ्याच्या बाजूला घर, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते, त्यात हे उघडे कार्बन प्रीसेट. भिंगातनं बघितलं तर काट्याच्या टोकाला हिरवट चढलेलं स्पष्ट दिसत होतं. पुण्यात एवढी ओल नसेल, पण तुझा बोर्ड त्याच गठ्ठ्यातला आहे आणि मागचा सगळा पावसाळा तो इथंच दुकानात पडून होता.

दुरुस्ती अशी केली. कलेक्टर-बेसला फिक्स २.२ के, म्हणजे २.२ किलोओम. बेस-एमिटरला ६८० ओम फिक्स आणि त्याच्या सिरीजला ५०० ओमचा मल्टिटर्न ट्रिमर, म्हणजे बरेच फेरे फिरणारा प्रीसेट, तो बंद डब्बीतला येतो, ओल सहज शिरत नाही. एक ट्रॅक ब्लेडनं कापायला लागतो आणि खालनं एक जंपर, बास. सुरू करताना ट्रिमर फुल ठेवायचा, म्हणजे पूर्ण ५०० ओम मध्ये, तिथं बायस सगळ्यात कमी. हिशोब करून बघ तूच, ०.६५ गुणिले (एक अधिक २.२ भागिले खालचा हात किलोओममध्ये), फुलला १.९ च्या आसपास येतो आणि शून्याला पावणेतीन. म्हणजे २.४ मध्येच कुठंतरी सापडतो आणि टोकाला फिरवला तरी आधीसारखी सहाच्या वर उडी नाही.

बीडी १३९ बद्दल अजून एक. बोर्डावर तो नुसता उभा आहे हवेत. गरम झालं की ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला साधारण २ मिलीव्होल्टनं उतरतो, त्यामुळं जोडी तापली आणि हा मात्र गार राहिला तर बायस आपोआप चढत जातो. त्याला तीन वायरी काढून हिटसिंकवर ५२०० च्या शेजारी स्क्रूनं बसव, मायका आणि पेस्ट लावून. मी हिटसिंक उद्यमनगरात नेऊन भोकं पाडून टॅप मारून आणला, तिथल्या मामांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? डॉल्बीचा हाय काय? म्हटलं नाही ओ, घरातला आहे. तर म्हणाले मग एवढा मोठा कशाला. कोल्हापुरात अँप्लिफायर म्हटलं की मिरवणुकीशिवाय दुसरं कुणाला सुचतच नाही. पण काम असं केलंय की नाद खुळा, एक भोक इकडचं तिकडं नाही.

मग नवीन जोडी घातली. मायका लावल्यावर कलेक्टर आणि हिटसिंकमध्ये बजर वाजत नाही ना ते दोन्हीकडं बघितलं, सिरीज बल्बवरच चालू केलं, आउटपुटला डीसी १४ मिलीव्होल्ट आला. मग बल्ब काढून, स्पीकर न जोडता, ०.२२ ओमवर मीटर लावून ट्रिमर हळूहळू आणला ११ मिलीव्होल्टवर, म्हणजे ५० मिलीअँप. वीस मिनिटं तापू दिलं, थोडा सरकला होता, परत ११ वर आणला. त्यानंतर रोज वाजतोय. डावा चॅनेल चांगला चालत होता तरी त्याचाही प्रीसेट उपटून तसाच केला.

तू म्हणालास ना की सोड हे सगळं, टीपीए ३११६ चिपचा क्लास डी अँप्लिफायर बोर्ड घे आणि मोकळा हो. घे की, मी कुठं नको म्हणतोय. छोटा आहे, फारसा तापत नाही, आवाज पण चांगला देतो, वहिनींच्या किचनसाठी तर तोच लाव. पण तो गेला की त्यात टकटक करून सापडणारं काही नसतं, एवढीशी चिप, बारीक बारीक पायांची, टाकायचा आणि नवा आणायचा. मला ते पटत नाही, तुला चालत असेल तर चालू दे.

तर आता तू एवढं कर. दोन्ही बोर्ड उलटे करून सोल्डरच्या बाजूचे चांगल्या उजेडात फोटो काढ आणि मला पाठव, मी कुठला ट्रॅक कापायचा त्यावर खूण करून परत पाठवतो. ट्रिमर घेताना ५०० ओमचा घे, दुकानदार ५ के देईल आणि चालतंय म्हणेल, चालत नाही. आणि तिकडं जुन्या बाजारात फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब दिसला तर दोन घे, एक तुला एक मला, काकांचा बल्ब त्यांनी परत मागितलाय.

तुझा,
सच्या