मिशिगनचे फिनिक्स स्मारक : भट्टी नंतर आली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फिनिक्स प्रकल्पाला सर्रास ‘अणुभट्टीच्या रूपातले युद्धस्मारक’ म्हटले जाते. ते बरोबर नाही; स्मारक म्हणजे अणुसंशोधनाचा प्रकल्प, भट्टी त्यात नंतर आली.

दुसऱ्या महायुद्धात या विद्यापीठाच्या परिवारातील ५७९ जण कामी आले. त्यांच्यासाठी नुसता मनोरा नको, काही उपयोगी हवे, असा विद्यार्थ्यांचाच आग्रह होता. नियामक मंडळाने १ मे १९४८ रोजी ठराव केला तो अणुशक्तीच्या शांततामय वापरावरील संशोधनाचा. माजी विद्यार्थ्यांनी देणग्या दिल्या. पहिले संचालक राल्फ सॉयर हे १९४६ च्या बिकिनी बेटावरील अणुचाचण्यांत शास्त्रज्ञांचे प्रमुख होते. बॉम्ब जवळून पाहिलेल्या माणसाकडे हे काम सोपवले गेले, याचे मोल मोठे आहे.

भट्टी लगेच उभारणे शक्यच नव्हते. अमेरिकेच्या १९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने सगळे विखंडनक्षम (अणू फुटून ऊर्जा देणारे) इंधन सरकारच्या मालकीचे केले होते. वाट मोकळी झाली ती १९५४ च्या कायद्याने. फोर्ड कंपनीने १० लाख डॉलर दिले आणि १९ सप्टेंबर १९५७ रोजी भट्टी सुरू झाली.

तोवर प्रकल्प संशोधकांना छोटी अनुदाने देत होता. भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लेसर यांच्या बबल चेंबरला, म्हणजे सूक्ष्म कणांचा माग दाखवणाऱ्या उपकरणाला, त्यातूनच हातभार लागला. काचेच्या लहानशा नळीत दाबाखाली ईथर सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि दाब एकदम सोडायचा. द्रव क्षणभर न उकळता थांबतो. तेवढ्यात विद्युतभारित कण गेला, तर त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रेघ उमटते. काच मात्र आतून अगदी गुळगुळीत हवी. बारीक ओरखडा असला तरी ईथर तिथेच आधी उकळते आणि प्रयोग फसतो. या शोधाला १९६० चे नोबेल मिळाले.

१९५७ ची ही भट्टी आपल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ‘अप्सरा’ अणुभट्टीसारखी, उघड्या तलावातली होती. वीज नव्हे, संशोधनासाठी लागणारे न्यूट्रॉन (अणुगर्भातले विद्युतभार नसलेले कण) हे तिचे उत्पादन. तलावातले पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करते, इंधन थंड ठेवते आणि वर उभ्या माणसाला किरणांपासून वाचवते. मात्र ते क्षारमुक्त ठेवावे लागते. क्षार वाढले की इंधनावरचे ॲल्युमिनियमचे आवरण झिजू लागते. १९८१ मध्ये येथेच ९३ टक्के समृद्ध (म्हणजे सहज विखंडन होणाऱ्या युरेनियम-२३५ चे प्रमाण ९३ टक्के असलेले, बॉम्बलाही चालणारे) युरेनियम काढून २० टक्क्यांहून कमी समृद्धीचे इंधन भरले गेले. बॉम्बला न चालणाऱ्या इंधनावरही अशी भट्टी चालते, हे त्यातून दिसले.

भट्टी जुलै २००३ मध्ये कायमची बंद झाली. त्यावरून ‘स्मारक बंद पडले’ असे लिहू नये. फिनिक्सच्या इमारतीत पुढेही ऊर्जेवरचे संशोधन चालू राहिले.

– एक वाचक, ठाणे