खालच्या मजल्यावरच्या अक्कांना

वडगाव, बेळगाव

अक्का, नमस्कार.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. पण तुमच्या सूनबाई निपाणीच्या, त्या वाचून दाखवतील. समोर येऊन बोलले असते तर तुम्ही नेहमीसारखं हात हलवून "बिडु, बिडु" (असू दे, असू दे) म्हणाला असता आणि चहा ठेवला असता. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिते.

गेल्या वर्षीचा जुलै आठवा. चार दिवस दोरीवर टाकलेलं कापड पाचव्या दिवशीही ओलंच. गल्लीत चिखल, जिन्यावर शेवाळ. माझ्याकडे गणपतीच्या आधी द्यायच्या ब्लाउजांचा ढीग, फॉल-पिको वेगळंच. आमचे हे उद्यमबागेतल्या कारखान्यात, कधी दुसरी पाळी, कधी तिसरी. साडेचार वर्षांची लेक माझ्या मशीनच्या पायाशी बसायची, हातात माझा मोबाइल. रडणं नाही, मागणं नाही. पोर किती गुणी आहे, असं मी फोनवर आईला सांगायची.

एके दुपारी तुम्ही गुडघा धरत वर आलात. मला वाटलं, मशीनचा आवाज होतो म्हणून बोलायला आलात. तुम्ही दारातूनच विचारलंत, "वरून पुट्टीचा आवाजच येईना. आजारी हाय काय?"

त्या प्रश्नाचं मला आधी हसूच आलं होतं, हे आज कबूल करते.

"दिवसाला किती वेळ देतेस?" असं तुम्ही विचारलंत, मी "तासभर असेल" म्हणाले. तुम्ही वाद घातला नाही. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेल्या माणसाला आयांचा 'तासभर' माहीत असणारच. खाली जाऊन मूठभर चिंचोके आणलेत आणि म्हणालात, पाव तास झाला की एक वाटीत टाक, उद्या संध्याकाळी मोज. दुसऱ्या दिवशी मोजले तर सतरा. म्हणजे सव्वाचार तास. मी ती वाटी ह्यांना दाखवलीच नाही, चिंचोके परत डब्यात टाकले.

नंतर मी शोधून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलानं बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, कमी असला तर बरंच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी एक तासच सांगते आणि दोन वर्षांच्या आत पडदा नकोच म्हणते. मी मोठ्या शहाणपणानं तुम्हाला हे सांगायला आले. तुम्ही विचारलंत, "आणि पळायचं किती सांगितलंय?" ते मी वाचून सोडून दिलं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास तरी दम लागेल अशी, आणि झोप दहा ते तेरा तास. "बघ," तुम्ही म्हणालात, "काढून घ्यायचं तेवढं सगळ्यांना पाठ. द्यायचं कोण बघत नाही."

तेवढ्यात दुबईहून दीर आले. त्यांनी वापरलेला निन्टेन्डो स्विच, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आणला, टीव्हीला जोडून दिला. "वहिनी, यात बसून खेळताच येत नाही, उभं राहून हात-पाय हलवावे लागतात," म्हणाले. मला तर देवच पावला. मोबाइल बंद, व्यायामही सुरू, आणि माझी मशीनही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा लेक पलंगावर आडवी पडून बॉलिंग खेळत होती. मनगटाला एक झटका, की समोरचे सगळे खुंट आडवे. पोरांना असली पळवाट सापडायला किती वेळ लागतो! नाचाच्या खेळातही तेच. तो खेळ, जस्ट डान्स, नाचणाऱ्याला बघत नाही, उजव्या हातात धरलेल्या रिमोटची हालचाल तेवढी बघतो. मग बसल्या बसल्या उजवा हात फिरवला तरी तारे मिळतात, आणि आमच्या बाईसाहेब ते मिळवत होत्या. तुम्ही तिच्या मानेमागं हात लावलात. कोरडी. "हा पण टीव्हीच की," म्हणालात.

खेळ कसा निवडायचा ते मी त्या हातावरून शिकले. डब्यावर काय छापलंय ते राहू दे, पोराची मान ओली होते का बघायचं. बॉलिंग आम्ही काढून टाकलं. नाचाच्या खेळातली ज्यात उड्या आहेत, बसणं-उठणं आहे, अशी गाणी ठेवली, आणि मी किंवा ती, आळीपाळीनं नाही, दोघी एकदम. आई शेजारी नाचतेय म्हटल्यावर बसून हात फिरवायची तिची हिंमत होत नाही. (आणि आईची मान पहिल्या गाण्यातच ओली होते, तो भाग वेगळा.) नाचाचं दुसरं एक बरं आहे. गाणं तीन-चार मिनिटांत आपोआप संपतं, तिथं थांबायला जागा मिळते. मोबाइलवरच्या व्हिडिओंना तशी जागाच नसते, एक संपायच्या आत दुसरा सुरू.

रिमोटची मनगटात अडकवायची दोरी तिच्या हाताला सैल व्हायची. एकदा रिमोट सुटून शोकेसच्या काचेवर गेला. मग मी दोरीला ब्लाउजचं इलॅस्टिक लावून दिलं. शिवणकाम असं कधी कधी उपयोगी पडतं.

वेळेवरून मात्र आपलं चांगलंच वाजलं. मी म्हणत होते, तो एक तास बसून बघण्याचा आहे, उभं राहून नाचणं त्यात धरायचं कशाला? तुमचं उत्तर, "पाय नाचतात. डोळे बसलेलेच असतात की." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. शेवटी नाचाचा अर्धा तास त्या तासातच धरला. खानापूरच्या आजीशी व्हिडिओ कॉल तेवढा वेगळा. जेवताना काही नाही, झोपायच्या आधीच्या तासात काही नाही.

दिरांनी माझ्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं होतं, ठरलेली वेळ झाली की खेळ आपोआप थांबतो. पहिल्या दिवशी उडी हवेत असताना पडदा थांबला. पोरगी फरशीवर आडवी, पाऊण तास रडणं. तुम्ही म्हणालात, यंत्रानं हिसकावून घेतलं तर ती रडणारच, बंद करायचं बटण तिलाच दाबू दे. आणि दाबून झाल्यावर काय, ते आधी तयार ठेव. आता शेवटच्या आधीचं गाणं संपलं की मी "एकच राहिलं" म्हणते. शेवटचं संपलं की ती तुमच्यासारखं "साकु!" (पुरे!) म्हणून बटण दाबते, आणि परातीत भिजवलेली कणीक किंवा सोलायचे वाटाणे तिची वाट बघत असतात. अ‍ॅप अजून आहे, पण ते मी माझ्या आळसासाठी ठेवलंय. रोज जमतं असंही नाही. गेल्या मंगळवारी लग्नाची ऑर्डर होती, वाटीत नऊ चिंचोके निघाले.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र.

उड्या सुरू झाल्या तेव्हा मला धास्ती होती, तुमच्या डोक्यावरच ती खोली. मी वाकळ चौघडी करून अंथरली, तरी धप-धप व्हायचीच. तुम्हीच म्हणालात, "पाच ते साडेपाच मी देवळात असते. तेव्हा काय पाहिजे ते नाचू दे." आमचा अर्धा तास असा ठरला. कुठल्या तज्ज्ञानं नाही, तुमच्या देवळाच्या वेळेनं ठरवला. रोज पाचला मी बिनधास्त टीव्ही लावायची.

ऑगस्टच्या शेवटी तुमचं पातेलं परत द्यायला मी सव्वापाचला खाली उतरले. वर ह्यांच्याबरोबर लेक नाचत होती. बाहेर धो-धो पाऊस. तुमचं दार अर्धं उघडं, तुम्ही खुर्चीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता, आणि छतातून चुन्याचा भुगा तुमच्या पदरावर पडत होता. मी तशीच मागं फिरले, पातेलं घेऊन. नंतर सूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाऊस लागल्यापासून अत्ते (सासूबाई) देवळात गेल्याच नाहीत, गुडघा साथ देत नाही.

दोन महिने तुम्ही रोज अर्धा तास ते ऐकलंत. आणि जिन्यात भेटलात की लेकीला विचारायचात, "आज किती गाणी?" तुम्हाला बरोबर ठाऊक असायचं.

पाऊस उघडल्यावर तुम्ही अंगणात खडूनं चौकोन आखलेत. तुमचं कुंटेबिल्ले, आमची ठिकरी. शेजारची तीन पोरं जमतात. टीव्हीपुढचा अर्धा तास आता आठवड्यातनं दोन-तीनदाच होतो, बाकीच्या दिवशी तिला आठवतही नाही. पण पुन्हा जून येईल. या वेळी आम्ही टीव्ही पुढच्या खोलीत हलवलाय, तिच्या खाली तुमची झोपायची खोली नाही, जिना आहे. तो चुन्याचा भाग ह्यांनी रविवारी करून द्यायचं ठरवलंय, नाही म्हणू नका. सोबत कुंदा पाठवते, साखर सांभाळून खा.

शेवटची आभाराची ओळ मी मुद्दाम तुमच्या कानडीत लिहिली आहे, सूनबाईंना न विचारता. तुंबा उपकार आय्तु, अक्का. चुकलं असेल तर उद्या जिन्यात सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, पुट्टीची आई