ताफा गेला, आईचं मनगट मोडलं

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. आपलं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर आपले कार्यकर्ते पत्र बाजूला ठेवून माझा पक्ष कोणता ते शोधत बसतील. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची पाहणी करायला आपण नाशिकच्या पंचवटीत आलात त्या सकाळी रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत दोरीच्या अलीकडे माणसं कोंबून ठेवली होती. त्यांत मी होतो आणि माझी 71 वर्षांची आई होती, एवढी ओळख पुरे.

आम्ही लातूरचे. आईला काळारामाचं दर्शन घ्यायचं होतं, गोदावरीत पाय बुडवायचे होते. मला पांडवलेणी बघायची होती. निफाड तालुक्यात मावसभावाची द्राक्षबाग आहे, तिथे मुक्काम. आपणच कॅमेऱ्यासमोर म्हणाला होतात, नाशिकला येणारा प्रत्येक भाविक हा आमचा पाहुणा. आईने ते टीव्हीवर ऐकलं आणि मनावर घेतलं. तिची पिढी मंत्र्यांचं ऐकते.

पाहुण्याला संडास लागतो, साहेब. आईला साखरेचा त्रास आहे. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. शेजारच्या फुलवाल्या बाईंनी सांगितलं, किल्लीवाला मंत्र्यांच्या स्वागताला गेलाय. तेवढ्यात सायरन वाजला. 2017 साली गाड्यांवरचे लाल दिवे गेले, सायरन तेवढा राहिला. हवालदार ‘मागे व्हा, मागे व्हा’ ओरडत दोरी रेटत आले. मागे व्हायला मागे जागाच नव्हती. आई दगडी पायरीवर हात टेकून पडली. ताफा जाईपर्यंत रस्ता बंद, म्हणून रिक्षा नाही, रुग्णवाहिका नाही. हात ओढणीत बांधून तिला पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडपर्यंत चालवत नेलं. मनगटात दोन तारा घातल्या आहेत. उजवा हात. डाव्या हाताने वरणभात खाताना अर्धा पदरावर सांडतो आणि ती कुणाकडे बघत नाही. बायको सकाळी सातला कामावर जाते, त्यामुळे वेणी मी घालतो. मला वेणी घालता येत नाही. मुलीची दहावीची परीक्षा, माझी रजा बिनपगारी. आपली पाहणी मात्र समाधानकारक झाल्याचं दुसऱ्या दिवशी छापून आलं.

हे सगळं ज्या भागात घडलं तिथे 27 ऑगस्ट 2003 ला काय झालं ते आपल्याला ठाऊक असेलच. सिंहस्थाच्या पर्वणीला सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली, तीसहून अधिक माणसं गेली. आयोग बसला. आता 2027 चा सिंहस्थ दाराशी आलाय आणि एका मंत्र्यासाठी त्याच उतारांवर पुन्हा दोऱ्या लागतात. एका ताफ्याने ही गत, तर लाखोंच्या पर्वणीला काय करणार आहात?

खर्चाचं विचारावं तर आकडाच हाती लागत नाही. कधी वाचतो सात हजार कोटी, कधी पंधरा हजार, कधी चोवीस. खरा कोणता? त्यातून बायकांची स्वच्छतागृहं किती? निदान एक पाटी तरी लावा, अमुक काम, अमुक रक्कम, अमुक ठेकेदार.

पाट्यांवरून सांगतो. आदल्या दिवशी पांडवलेणी पाहिली. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले. 2000 नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा एक टक्क्याने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च भागवायचा. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, दप्तरी नोंदवलं आणि वर दगडात कोरलं. दुसऱ्या लेखात भडोच, सोपारा, गोवर्धन इथे बांधलेल्या धर्मशाळा, विहिरी, तळी आहेत. तापी, दमणा, दाहणुका अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचंही लिहिलंय. तो सत्तेतल्या घरचा जावईच होता, जाहिरातबाजी त्यालाही कळत असणार. पण रुपया आणि व्याजाचा दर लिहिण्याची त्याला लाज वाटली नाही. आपले जावई, भाचे, पुतणे कोणत्या कामात आहेत ते कोणत्या दगडावर शोधायचं?

मावसभावाचं सांगतो म्हणजे हे नुसतं आईच्या हाताचं रडगाणं वाटणार नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस थांबेना, डावणी हा बुरशीचा रोग आला. फवारण्यांवर फवारण्या करून जे घड वाचले त्यांचे मणी पुढच्या पावसात तडकले. उरलेला माल एका परप्रांतीय व्यापाऱ्याने उचलला, चेक दिला आणि तो गायब झाला. चेक परत आला. तक्रार द्यायला गेला तर पहिला प्रश्न, सौदा पावती कुठाय? व्यापाऱ्यांची नोंदणी आणि अनामत सक्तीची करा हे शेतकरी किती वर्षं ओरडतायत? तिकडे वाइनरीच्या सहलींचे फलक मात्र पार महामार्गापर्यंत झळकतात. वाइनला माझा विरोध नाही, मीही चाखली. पण ज्याच्या वेलीवर हा सगळा थाट उभा आहे तो माणूस बँकेच्या नोटिशीची घडी करून खिशात घालून फिरतोय.

काळारामाचं दर्शन राहिलंच. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी त्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, तो काही वर्षं चालला. आपला ताफा बहुतेक थेट दरवाज्यापर्यंत गेला असेल. बाकीच्यांना दोरी. विधानसभा असो, देऊळ असो की सरकारी दवाखाना, या राज्यात रांग फक्त ज्यांच्याकडे फोन करायला कुणी नाही त्यांच्यासाठी असते, आणि सरकार कुणाचंही आलं तरी रांगेतली माणसं तीच असतात.

मागण्या थोड्याच आहेत. पर्वणीपूर्वी पंचवटीतली बायकांची स्वच्छतागृहं चोवीस तास उघडी ठेवा. आपला ताफा गल्लीबाहेर थांबवा आणि पुढे पायी या. सिंहस्थाच्या प्रत्येक कामाचा हिशेब त्या कामाच्या जागेवर लावा. द्राक्ष व्यापाऱ्यांकडून अनामत घ्या. आईच्या शस्त्रक्रियेचं बिल आणि एक्स-रेची प्रत सोबत जोडली आहे, पैसे मागायला नाही, दप्तरी नोंद व्हावी म्हणून. ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ असं छापील उत्तर कृपया पाठवू नये, तशी घरात बरीच जमली आहेत.

आपला,
दोरीअलीकडचा एक पाहुणा, लातूर