व्हॉल्व्ह रेडिओला फोन जोडण्याआधी

महोदय,

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून उतरलेले मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ इंदुरात पुन्हा दिवाणखान्यात दिसू लागले आहेत. महाराणी रोडवरून ब्लूटूथचा बोर्ड आणून तो पिकअपच्या (ग्रामोफोन जोडायच्या) सॉकेटला जोडण्याची हौसही आहे. हौस जरूर करावी. आधी सेट एसी (फक्त एसी विजेवर, ट्रान्सफॉर्मरने चालणारा) आहे की एसी/डीसी (दोन्ही विजांवर, ट्रान्सफॉर्मरविना चालणारा), ते मात्र पाहावे.

मागच्या पुठ्ठ्यावर तसे बहुधा छापलेले असते. पुठ्ठा हरवला असेल तर व्हॉल्व्हचे नंबर बघा. यूसीएच, यूएल, यूवाय असे ‘यू’वाले नंबर असतील आणि मेन ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल, तर मेनची एक तार सरळ चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) गेलेली समजा. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर. खटका बंद असला तरी भरवसा नाही: तो चासीच्या तारेत असेल, तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटमधून (तापणाऱ्या तारेतून) फेज चासीवर येतोच. नॉबच्या स्क्रूवर मेण भरलेले असे ते यासाठीच. ते खरवडून टाकू नका. अशा सेटच्या चासीला अर्थिंगही जोडायचे नाही आणि फोनही नाही. दुरुस्ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून अलग ठेवणारा) लावूनच.

ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटच्या चासीला मात्र अर्थिंग हवेच. व्होल्टेज निवडायचा टॅप सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवा. पहिल्यांदा लावताना ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालणार नाही. बल्ब झपकन पेटून मंदावला तर ठीक, लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे.

खरा घातकी भाग म्हणजे आउटपुट (स्पीकर चालवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतल्या नियंत्रक जाळीला) येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा मेणकागदी कंडेन्सर. तो गळू लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह चढतो, ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ग्रिडवर अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी कंडेन्सर काढा, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावा. फिल्टरचा ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलताना ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचाच घ्या. हम (घुमणारी गुणगुण) जावा म्हणून काही जण २२० मायक्रोफॅरडचा घालतात. ईझेड८० या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हची मर्यादा ५० आहे, त्यापुढे तो आत ठिणग्या टाकतो.

हात घालण्याआधी प्लग काढून १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने फिल्टरचा कंडेन्सर रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. पेचकसाने शॉर्ट करू नका. आरसीसीबीवर (गळती ओळखून वीज तोडणाऱ्या घरातल्या स्विचवर) विसंबू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसीचा झटका त्याला कळतच नाही.

असे सेट दुरुस्त करून विकणाऱ्यांनी निदान ‘एसी/डीसी, चासीला हात लावू नये’ एवढे मागे ठळक लिहावे.

– एक वाचक, रामबाग, इंदूर