सूचना : आवारातल्या घुशींबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

बी विंगच्या मागच्या भिंतीलगत घुशींनी पुन्हा बिळं केली आहेत. खालची जमीन पोकळ होऊन फरश्या खचू लागल्यात, म्हणून मुलांना तिकडे खेळू देऊ नका.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीने बुजवू. रविवारी सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील, ती वापरातली. तिथे पिंजरे लावायचे आणि नंतर विटांचे तुकडे व काँक्रीट भरायचं. मदतीला माणसं हवी आहेत, रविवारी सकाळी 8 वाजता या.

कृपया कोणीही परस्पर विष टाकू नये. मेलेली घूस खाऊन मांजरं आणि घुबडंही दगावू शकतात, आणि उंदरांवर त्यांचाही वचक असतो. पिंजऱ्यात चिचुंद्री आली तर सोडून द्या. ती मुख्यतः किडे खाते.

पण खरकटं उघड्यावर पडत राहिलं, तर हे सगळं वाया जाईल. कुत्र्या-मांजरांसाठी भात-पोळी ठेवणाऱ्यांना कळकळीची विनंती : त्यांचं खाणं होताच भांडं उचला, रात्रभर ठेवू नका.

पावसाळ्यात उंदीर-घुशींचं मूत्र मिसळलेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा तापाचा आजार होऊ शकतो. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

— सचिव